येते, बाई

१

शाळेतून निघताना "जातो" म्हणायचं नाही, हा साधनाबाईंचा नियम होता. त्यांच्या आईनं बदनापूरच्या घरात हा शब्द कधी कुणाला उच्चारू दिला नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायला निघालं तरी "येते" म्हणूनच उंबरा ओलांडायचा. नोकरी लागल्यावर बाईंनी तोच नियम हिवरवाडीच्या शाळेत आणला. पोरगा "येतो, बाई" म्हणणार, पोरगी "येते, बाई" म्हणणार आणि दाराशी उभ्या असलेल्या बाई प्रत्येकाला "या" म्हणणार. पहिली ते चौथीची मिळून पोरं ती किती! दोन मिनिटांत हा सोहळा उरकायचा. मग बाई कुलूप लावून स्कूटीवर आष्टीला घरी निघायच्या.

पूर ओसरून शाळा पुन्हा भरायला लागली, त्या आठवड्यातली गोष्ट. सगळी पोरं निघून गेली. चौथीतली प्रांजली नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी गेली. बाई कडी ओढणार तेवढ्यात आतून कुणीतरी म्हणालं, "येते, बाई."

"या," बाई म्हणाल्या आणि कुलूप लावून मोकळ्या झाल्या.

स्कूटीपर्यंत पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की त्यानंतर दारातून बाहेर कोणी आलंच नव्हतं. पोरगी आत कोंडली गेली की काय, या धसक्यानं त्या पळत मागं आल्या. पाण्यानं फुगलेलं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नव्हतं. वर्गात कोणी नव्हतं. गाळाचा कुबट वास होता, भिंतीला टेकवलेल्या बस्करपट्ट्या होत्या आणि खिडकीखालची फरशी ओली होती. दिवसभराच्या कलकलाटानं कान वाजत असतील, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. ते त्यांना पटलंही.

२

माणूस एकही दगावला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं ज्यानं त्यानं तेच विचारलं. भादव्याच्या शेवटी नदी गावात शिरली. शाळा उतारावर, म्हणून सगळ्यात आधी शाळेत आली. पण पोरं तेव्हा घरी होती आणि घरं वर होती. गेलं ते सामान. पुस्तकं लगदा झाली, तांदळाची पोती कुजली. भिंतीवर रंगवलेल्या महाराष्ट्राच्या नकाशात कोल्हापूर-सांगली धुऊन गेली आणि जालना तेवढा पाण्याच्या रेषेच्या वर राहिला. झुंबरबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांनी एक डाळीचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता, तेवढा वाचला.

तेव्हापासून साधनाबाई भांडत होत्या. गाळ काढायला माणसं मिळेनात म्हणून भांडल्या, दुसरी खोली पडायला आली ती कोणी बघून जाईना म्हणून भांडल्या. जोडीचे शिवशंकर सर नुकसानीच्या पंचनाम्यांवर गावोगाव फिरत होते, त्यामुळं चारही वर्ग एकाच खोलीत आणि एकट्या बाईंच्या गळ्यात. दुष्काळात तेरावा महिना. आणि हे कमी होतं म्हणून ती फरशी.

रोज सकाळी खिडकीखालची जागा ओली असायची. ऑक्टोबरचं ऊन अंगाची लाही करत होतं, अंगणातल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि आत फरशी ओली! बाईंनी झुंबरबाईंना पोछ्यावरून बोलून घेतलं. टाकीचा पाइप बदलून घेतला. गवंड्यानं फरशीला कान लावून "खालून पाझर हे" असं सांगितलं आणि चहा पिऊन गेला. पाझर असता तर डाग पसरट दिसला असता. हा डाग ओल्या कपड्यानं कोणी मांडी घालून बसल्यावर उमटतो तसा, बैठकीएवढा होता. बाई तो स्वतःच्या हातानं पुसायच्या, दुसऱ्या दिवशी तो परत असायचा, आणि त्यांना अक्षरशः रडू यायचं. एवढं सगळं जागेवर आणलं, ही एक हातभर जागा का वाळू नये?

त्यांना घाई होती, आणि घाईला कारण होतं. शाळेचा पट बरोबर वीस होता. वीसच्या खाली गेला की शाळा बंद करायची आणि पोरं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असं तालुक्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. नदीपलीकडं म्हणजे फरशी पुलावरून. कठडा नसलेला, पाऊस झाला की पाण्याखाली जाणारा पूल. पाचवीला गेलेल्या पोरी त्या पुलापायी घरी बसल्या होत्या. सहा वर्षांची पहिलीतली पोरं त्यावरून पाठवायची, हे बाईंना मान्यच नव्हतं.

आणि पुरानंतर साक्षी गेली होती. तिच्या बापाला जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात काम लागलं, बिऱ्हाड तिकडं गेलं. दाखला अजून नेला नव्हता, म्हणून पट कागदावर वीसच होता. साहेब मात्र कागद बघणारे नव्हते. ते येऊन डोकी मोजायचे.

बाईंनी साक्षीच्या आईला, दैवशालाला, फोन लावला.

"दिवाळीपुरती तरी आजीपाशी ठेवा हो तिला. एक पोर कमी पडतंय मला."

"न्हाई बाई. आता तिकडं न्हाई पाठवीत."

"अहो, पाणी कधीच ओसरलं. शाळा एकदम बराबर चालू आहे."

पलीकडं कारखान्याचा भोंगा वाजून थांबला. मग दैवशाला म्हणाली, "आम्ही निघलो त्या रोजी साक्षी वर्गात दप्तर आणाया गेल्ती. तिच्या जाग्यावर कोनीतरी बसेल व्हतं म्हनती. तवापासून पोरगी नदीचं नाव काढू देईना. ठिवते मी, बाई."

३

दुपारी पोरं व्हरांड्यात पंगतीला बसायची. पंगतीत मधेच एक जागा रिकामी राहतेय, हे बाईंनी आधीही पाहिलं होतं. साक्षीची आठवण येत असेल, असं त्यांना वाटलं होतं. पुरानंतर मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी, याचं मोबाइलवर प्रशिक्षण झालं होतं. अर्धा वेळ चित्र अडकलेलं होतं, पण मुलं गेलेल्या मैत्रिणीची जागा धरून ठेवतात, असं काहीतरी त्यात होतं.

"सरका रे, चिकटून बसा," त्या दिवशी बाई म्हणाल्या. पोरं सरकली. बाई पाणी प्यायला वळल्या आणि परत बघतात तो जागा पुन्हा तेवढीच मोकळी. झुंबरबाईंनी तिथं ताट ठेवलं होतं. त्यात खिचडी वाढलेली होती आणि ती सगळ्यात आधी वाढलेली होती.

"झुंबरबाई, हे ताट कुणाचं?"

झुंबरबाई पळी घेऊन पुढं सरकल्या. उत्तर प्रांजलीनं दिलं.

"पाव्हनीचं."

"कोण पाहुणी? साक्षी येणार आहे का?"

"साक्षी न्हाई बाई. साक्षी गेली न जालन्याला." पोरीनं घास गिळला. "पाव्हनीला आधी वाढावं लागतंय. तुम्हीच सांगेल हे ना?"

बाईंनीच सांगितलं होतं. पाहुण्यांना आधी वाढावं, आल्यागेल्याला बस म्हणावं, निघताना येते म्हणावं. चांगल्या सवयींच्या तासाला त्या हेच शिकवत आल्या होत्या. त्यांचा संताप संताप झाला. त्यांनी ते ताट उचललं आणि त्या थबकल्या. खिचडीला हात लागलेला नव्हता, पण ताटाच्या कडेला बोटानं ओढल्यासारखी गाळाची एक बारीक रेघ होती.

ताट घासलेलं नसेल, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. झुंबरबाईंनी मान खाली घातली, पण कबूलही केलं नाही.

त्या दिवशी शाळा सुटताना बाईंनी पक्कं ठरवलं, की आतून आवाज आला तर ओ द्यायची नाही. एव्हाना तो रोज येत होता. कधी त्या कपाटामागं बघायच्या, कधी कोणी पोर नकला करतंय म्हणून सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं करायच्या, आणि शेवटी सवयीनं "या" म्हणून जायच्या. आज नाही म्हणजे नाही.

"येते, बाई."

बाईंनी दात आवळले आणि कडी घातली.

"येते, बाई." आवाज चढला नाही, चिडला नाही. सासूच्या परवानगीसाठी दाराशी ताटकळलेल्या सासुरवाशिणीनं विचारावं तसा तो होता. बाई अंगणात उतरल्या तरी तो यायचा थांबेना. गल्लीच्या वळणावर माणसं बसली होती, ती बघतील, ऐकतील. त्या उलट फिरल्या आणि बंद दाराला तोंड लावून म्हणाल्या, "या! या, या!"

मग शांत झालं.

४

दुसऱ्या दिवशी ओल दोन फरश्या पुढं आली होती. बाई पाणी निपटायचा फडका घेऊन तशाच मागं गेल्या. झुंबरबाई नळापाशी पातेलं घासत होत्या.

"खरं सांगा. तुम्हाला काही ऐकू येतं का?"

"कान हायेत न मला. भांडे घासून राह्यले असते मी इथं. ती रोज इचारती, तुमी रोज या म्हनता."

"ती कोण?"

झुंबरबाईंनी राख लागलेला हात नदीच्या बाजूला केला आणि परत पातेल्याला लावला. नाव घेतलं नाही.

"पुराच्या रोजी ओटी भरल्ती तुमी, ध्यानात हे का?"

न असायला काय झालं? पाणी चढतंय म्हटल्यावर बाई आष्टीहून शाळेकडं धावल्या होत्या, कपाटाच्या किल्ल्या घेऊन. वर्गाच्या आत गुडघाभर पाणी होतं. गावातल्या बाया ताट घेऊन आल्या. पूर आला की नदीची ओटी भरायची, ही तिथली रीत. पण ती काठावर भरतात, आणि त्या दिवशी काठ कुठं उरला होता? जिच्या घरात ती आली तिनं भरायची, असं कुणीतरी म्हणालं आणि ताट बाईंच्या हातात आलं. बाईंचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण सगळ्या बाया रडत होत्या. बाईंनी वर्गाच्या उंबऱ्यावर वाकून नारळ सोडला, खण सोडला. बांगड्या कोणी आणल्या नव्हत्या, म्हणून स्वतःच्या हातातल्या दोन काढल्या. हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या, भाचीच्या बारशात भरलेल्या. गढूळ पाण्यानं त्या लगेच ओढून नेल्या. संध्याकाळपर्यंत पाणी खरंच उतरलं, तेव्हा सगळ्यांनी बाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"ओटी भरली, मंग काय म्हन्ल्या तुमी?"

"काही नाही."

"म्हन्ल्या. हात जोडून म्हन्ल्या. 'या हं परत.'"

ओटी भरलेली बाई निघाली की तिला हेच म्हणतात. जन्मभर म्हटलं होतं. तोंडाला वळणच तसं पडलेलं.

"नदीला तसं म्हनत नसतेत, बाई. 'माय, आता आपल्या घरी जा,' असं म्हनतेत. तुमी बिगर नदीच्या गावच्या. तुमाला कामून दोष द्यावा?" झुंबरबाईंनी पातेलं उपडं घातलं. "पर आता तिनं इचारलं का जा म्हना. एकडाव म्हना फक्त."

"म्हणजे माझ्या एका शब्दानं फरशी ओली होते? मी शिक्षिका आहे, झुंबरबाई! उद्या पोरांना काय शिकवू मी?"

"म्या कुठं काय म्हन्ले," झुंबरबाई म्हणाल्या आणि दुसरं पातेलं ओढलं.

बाई फणफणत वर्गात आल्या. पण फडका पिळताना त्यांनी ठरवून टाकलं होतं. विश्वास नसला तरी म्हणायला काय जातं? उद्या शनिवार, सकाळची शाळा. उद्या ती विचारेल, तेव्हा जा म्हणायचं आणि हा विषय संपवायचा. त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांना नीट झोप लागली.

५

सकाळी आष्टीहून येताना स्कूटीवर त्यांनी ते वाक्य घोकून घेतलं. माय, आता आपल्या घरी जा. शाळेच्या फाटकात तालुक्याच्या साहेबांची गाडी उभी होती.

न कळवता आले होते, मोजायलाच. बाईंनी मनाशी थाप तयार केली. साक्षीला ताप आहे, सोमवारी येईल. ती थाप टिकणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. गावात कुणालाही विचारलं तरी साक्षी कुठं गेली ते कळलं असतं.

पोरं बस्करपट्ट्यांवर बसली. साहेब दारात उभे राहून पेनानं हवेत ठिपके देत डोकी मोजू लागले. बाई त्या पेनाकडं बघत राहिल्या. पहिलीची रांग झाली, दुसरीची झाली. पेन खिडकीखाली, प्रांजलीच्या शेजारी, साक्षीच्या रिकाम्या जागेपाशी आलं. तिथून ते पुढं उडी मारणार होतं. त्यानं उडी मारली नाही. तिथं एक ठिपका दिला आणि मग पुढं गेलं.

"वीस," साहेब म्हणाले. "बराबर आहे. शाबास, बाई! मला वाटलं होतं गळती लागली असेल."

बाईंनी पुढं केलेलं हजेरीपत्रक साहेबांनी उघडूनही बघितलं नाही.

"दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या की मी परत येणार. तेव्हा अशीच वीस डोकी भरली पाहिजेत. भरली, की नवी खोली मंजूर करून देतो, वर उंचावर. मग पोरांना पूल ओलांडायचा प्रश्नच नाही." ते वळले आणि पुन्हा थांबले. "ती खिडकीखालची पोरगी एवढी भिजली कशानं? घरी पाठवा तिला, कपडे बदलून येऊ द्या. सर्दी होईल."

एकाही पोरानं मान वळवून तिकडं बघितलं नाही. प्रांजली जराशी सरकून बसली, कोणी अंगावर रेलल्यावर सरकावं तशी. तिच्या फ्रॉकची एक बाजू ओलीचिंब होती.

बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं आणि त्यांनी बघितलं. प्रांजलीच्या खांद्याआड फार काही दिसलं नाही. गुडघ्यावर ठेवलेला एक बारीक हात दिसला. लहान मुलीचाच हात, गाळासारख्या रंगाचा. त्यात दोन हिरव्या बांगड्या होत्या, सोनेरी ठिपक्यांच्या. त्या मोठ्या बाईच्या मापाच्या होत्या, म्हणून निसटू नयेत अशा कोपरापर्यंत चढवलेल्या होत्या. जपून, नीट.

मग प्रांजली पाटी घ्यायला वाकली आणि ते झाकलं गेलं.

६

शाळा सुटली. पोरं एकेक करून "येतो, बाई", "येते, बाई" म्हणत बाहेर पडली आणि बाई प्रत्येकाला "या" म्हणाल्या. प्रांजली गेली. भर दुपारचं ऊन दारापर्यंत आलं होतं आणि आत ओल उंबऱ्याला टेकली होती. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात झुंबरबाई उभ्या होत्या, हातातलं काम टाकून.

"येते, बाई."

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. माय, आता. एवढंच म्हणायचं होतं, बाकीचं आपोआप आलं असतं.

चढावरून पहिलीची दोन पोरं एकमेकांचं दप्तर ओढत घरी चालली होती. त्यांच्या पलीकडं, खाली, फरशी पूल उन्हात चमकत होता. त्यावरून कोणी ट्रॅक्टर नेत होतं, तो अगदी कडेकडेनं. बाईंनी मनातल्या मनात ती दोन पोरं त्या पुलावर ठेवून बघितली आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. गाळाचा, साहेबांचा, दैवशालाचा, आईच्या त्या शिकवणीचा, सगळ्याचा राग आला. रागानं डोळे भरून आले.

"येते, बाई," आतून पुन्हा विचारलं.

"या," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, म्हणून त्यांनी तो खाकरून सारखा केला. "दिवाळीनंतर नक्की या. वाट बघते."

त्यांनी कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. वळल्या तेव्हा झुंबरबाई दारात नव्हत्या. आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज येत होता. बाई दारापर्यंत गेल्या. झुंबरबाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. नव्यानं आलेलं तांदळाचं पोतं त्या जमिनीवरून उचलत होत्या, आणि डाळीच्या डब्याशेजारी वरच्या फळीवर जागा करत होत्या.